सिंगल शॉट आणि बर्स्ट

रायफलवर हात बसलेल्या माणसाला छोटा डिजिटल कॅमेरा शिकवायला फार वेळ लागत नाही. कोपर अंगाशी घट्ट धरायचे, श्वास अर्धा सोडून रोखायचा, बोट झटक्याने न ओढता दाबत न्यायचं, हे सगळं रेंजवर उस्तादांनी घोटून घेतलेलंच असतं. आणि प्रश्नही तोच असतो, एकच की धडाधड?

इन्सास रायफलच्या लिव्हरला सेफ, सिंगल शॉट आणि तीन गोळ्यांचा बर्स्ट अशा जागा आहेत. एके-४७ची लिव्हर सेफवरून खाली ओढली की आधी ऑटोमॅटिक लागतं, आणखी खाली नेली की सिंगल. कॅमेऱ्यातही तसंच आहे. स्क्रीनवर एक चौकोन दिसला तर सिंगल, एकामागे एक ठेवलेले चौकोन दिसले तर कंटिन्युअस. काही कंपन्या त्याला सरळ ‘बर्स्ट’च म्हणतात. सिंगलवर बटण कितीही वेळ दाबून धरा, फोटो एकच. कंटिन्युअसवर बोट उचलेपर्यंत फोटो निघत राहतात.

हे नातं निव्वळ शब्दांचं नाही. एतिएन-ज्यूल मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८२ साली पक्ष्यांचं उडणं समजून घ्यायला एक कॅमेरा बनवला. तो दिसायला चक्क बंदूक होता. दस्ता खांद्याला, नळी पक्ष्यावर, ट्रिगर ओढला की सेकंदाला बारा फोटो. आपण आज ज्याला बर्स्ट म्हणतो त्याचा तो पणजोबा. माझा २००९ साली कॅन्टीनमधून घेतलेला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा सात सेकंदांत जेमतेम दहा फोटो काढायचा. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मारेसाहेबांच्या बंदुकीपुढे अगदीच मंद. पण बेंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये त्याच कॅमेऱ्यावर मी जे शिकलो, ते आजच्या मोबाईललाही लागू आहे, म्हणून लिहितो.

आधी यंत्र आत काय करतं ते बघू. बटण अर्धं दाबलं की कॅमेरा अंतर मोजतो, प्रकाश मोजतो आणि ते धरून ठेवतो. पूर्ण दाबलं की फोटो. छोट्या कॅमेऱ्याला उशीर लागतो तो मुख्यतः या पहिल्या कामाला. आधीच अर्धं दाबून थांबलात तर पुढचा फोटो जवळपास बोटासरशी निघतो. आमच्या युनिटमध्ये कुणी कॅमेरा घेऊन आला की मी त्याला आधी हे शिकवायचो. अर्धं दाब, थांब, मग पूर्ण. पहिल्या दाबाला टप्पा घ्यायचा, दुसऱ्याला फायर. शिपायाला लगेच कळतं.

कंटिन्युअसमध्ये एक मेख आहे. माझ्यासारख्या बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत पहिल्या फोटोला जे अंतर आणि जो प्रकाश धरला, तोच पुढच्या सगळ्या फोटोंना राहतो. समोरचा माणूस तुमच्याकडे धावत आला तर पहिला फोटो साफ आणि पाचवा धूसर. तो आडवा गेला तर मात्र सगळे साफ. फ्लॅश लावलात तर प्रत्येक वेळी तो पुन्हा भरेपर्यंत वाट बघावी लागते, म्हणजे बर्स्टचा जीवच गेला. शिवाय काढलेले फोटो कार्डावर उतरायला वेळ लागतो. तो लुकलुकणारा दिवा विझेपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही, सेल काढायचे नाहीत. आणि फोटो निघताना स्क्रीन मागे पडते, नुकताच होऊन गेलेला क्षण दाखवते. म्हणून बर्स्टच्या वेळी डोळा स्क्रीनवर ठेवायचा नाही, स्क्रीनच्या वरून थेट माणसावर ठेवायचा.

हे सगळं कामी आलं येलहंक्याला. हवाई दलाच्या या तळावर १९९६पासून एअरो इंडियाचं प्रदर्शन भरतं. २०११ साली ते ९ ते १३ फेब्रुवारीला होतं. फेब्रुवारीतलं बेंगळुरूचं आभाळ निळंशार, ऊन कडक पण घाम नाही. सूर्यकिरण पथकाची नऊ किरण विमानं आली आणि आजूबाजूच्या प्रत्येकाने कॅमेरा वर करून बटण दाबून धरलं. त्याने काय मिळतं याचा हिशेब सोपा आहे. विमानाचा वेग ताशी ५४० किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला १५० मीटर. दोन विमानं समोरासमोर येऊन एकमेकांना ओलांडतात तेव्हा त्यांच्यातलं अंतर सेकंदाला ३०० मीटरने बदलतं. माझ्या कॅमेऱ्याच्या दोन फोटोंमध्ये सात दशांश सेकंद जातात. म्हणजे एका फोटोत विमानं शंभर मीटर लांब, पुढच्या फोटोत ओलांडून शंभर मीटर पलीकडे. मधला क्षण, ज्याच्यासाठी माना वर केल्या होत्या, तो दोन फोटोंच्या फटीत पडून गेला.

तिथे सिंगलच पाहिजे. ही विमानं कुठे ओलांडणार हे दोन-तीन कसरती पाहिल्यावर कळतं, कारण ती प्रेक्षकांच्या मध्यावरच ओलांडतात. तिथल्या आभाळाकडे कॅमेरा रोखून अर्धं बटण दाबून ठेवायचं, आणि विमानांचा आवाज, गर्दीचा श्वास, सगळं विसरून किंचित आधी पूर्ण दाबायचं. दिवसभरात असे चार-पाचच मोके येतात. त्यातला एक साधला तरी पुरे.

ती किरण विमानं याच शहरात, एचएएलमध्ये जन्मलेली. त्या प्रदर्शनानंतर पथक थांबवलं गेलं, कारण वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी विमानं कमी पडत होती. काही वर्षांनी पथक पुन्हा उभं राहिलं ते हॉक विमानांवर. नऊ किरण विमानांचा तो बाण मी पाहत होतो तेव्हा हे शेवटचं आहे हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्याकडे त्या बाणाचा एक स्वच्छ फोटो आहे, सिंगलवर काढलेला.

आता परेड घ्या. कब्बन रोडच्या माणेकशॉ परेड ग्राउंडवर २६ जानेवारीला गेलात तर लोक तुकड्यांसमोर बटण दाबून धरतात. तेज चाल म्हणजे मिनिटाला १२० पावलं, सेकंदाला दोन. कॅमेऱ्याचा ताल वेगळा, तुकडीचा ताल वेगळा. मग एका फोटोत पाय अर्धवट उचललेला, दुसऱ्यात हात खाली, तिसऱ्यात भलतंच. आपण शिपाई लोकांनी मात्र ही चाल हाडात मुरवलेली असते. मनात ‘बाएँ, दाएँ’ चालूच असतं. बाएँवर बोट दाबायचं. सगळे हात खांद्याच्या रेषेत, सगळे पाय एका कोनात. सिंगलवर काढलेला एकच फोटो, पण तो पाहून कुठलाही ड्रिल उस्ताद खूश होईल.

त्याच मैदानावर मोटारसायकलींच्या कसरती सुरू झाल्या की लिव्हर बदलायची. जळत्या चक्रातून उडी मारणारा स्वार नेमका कधी सुटेल, हवेत किती वर जाईल, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं. चक्राच्या अंतरावर आधी टप्पा धरायचा, एंजिनचा आवाज चढला की बटण दाबायचं आणि गाडी जमिनीला लागेपर्यंत सोडायचं नाही. तो आडवा जातो, म्हणून अंतर बदलत नाही. दोन-तीन फोटोंत एखादा लागतोच.

कंटिन्युअसचा आणखी एक पक्का उपयोग म्हणजे ग्रुप फोटो. बडा खान्याच्या दिवशी सगळे ओळीत उभे राहतात आणि फोटोत दोघांचे डोळे मिटलेले निघतात. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी याचं गणितच मांडलं होतं आणि त्यांना २००६ साली त्यासाठी इग नोबेल मिळालं. हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात तो हा पुरस्कार. त्यांचा साधा नियम असा आहे की वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. तितके फोटो काढलेत तर एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडण्याची चांगली शक्यता. बारा माणसांना चार फोटो. बर्स्टला तीन सेकंद. सगळे परत आपापल्या जेवणाकडे.

थोडक्यात, पुढे काय होणार हे तुम्हाला ठाऊक असेल तर सिंगल, ठाऊक नसेल तर कंटिन्युअस. माझ्या लेखी याची खरी परीक्षा झाली त्याच वर्षी मार्चमध्ये.

आमच्या सातारकडच्या गावचा एक मुलगा एएससी सेंटरला रिक्रूट होता. त्याची कसम परेड ठरली. आई-वडील मिरजेला येऊन राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर बसून बेंगळुरूला आले. आयुष्यात पहिल्यांदाच महाराष्ट्राबाहेर. मी सिटी स्टेशनवर उतरवून घेतलं आणि आमच्या क्वार्टरवर आणलं. आम्ही त्यांना तात्या आणि काकू म्हणतो. काकूंनी मुलाला मधल्या काळात पाहिलेलंच नव्हतं. आमच्या बायकोला त्या रात्री म्हणाल्या, “पोराचा आवाज फोनवर बदललाय गं.”

परेडच्या सकाळी मैदानावर पाहुण्यांना फोटो काढायची मुभा होती, बाकी सेंटरभर कॅमेरा पिशवीत. कँटोन्मेंटच्या पाट्या आपल्यालाही लागू असतात. मी आधी सूर्य कुठे आहे ते पाहिलं आणि तो पाठीशी येईल अशी जागा धरली. तुकड्या आल्या. एकाच मापाने कापलेले केस, एकाच कपड्यातली शेकडो पोरं. तात्या दर मिनिटाला विचारत होते, “आपला कुठला?” मुलाने फोनवर मला जागा सांगून ठेवली होती, कोणती तुकडी, कितवी रांग, कितवा माणूस. निशान आलं, धर्मगुरू आले, कसम झाली. शेकडो गळ्यांतून एकच आवाज निघाला तेव्हा तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मग सलामी मंचासमोरून मार्च. इथे मला काय होणार हे पक्कं ठाऊक होतं. मंच जवळ आला की ‘दाहिने देख’, आणि बाएँवर सगळ्या माना झटक्यात वळणार. कॅमेरा सिंगलवर, टप्पा धरलेला. हुकूम झाला, मान वळली, एकदा दाबलं. रांग तीरासारखी, हात खांद्याशी, आणि मधोमध आमचा पोरगा, हनुवटी वर. तुकडी पुढे गेली. दुसरी संधी नव्हती आणि तिची गरजही नव्हती.

परेड सुटल्यावर पोरांना घरच्यांना भेटायला सोडलं. आता पुढचं कुणालाच माहीत नव्हतं, त्या मायलेकरांनाही. मी चौकोन बदलला, काकूंवर टप्पा धरला आणि तो गर्दीतून समोर आला तसं बटण दाबलं. सात फोटो निघाले, पाच सेकंदांचे.

पहिल्यात तो काकूंच्या पुढ्यात उभा आहे आणि काकू त्याच्या खांद्यावरून मागच्या दुसऱ्याच पोराकडे बघत आहेत. दुसऱ्यात तो सावधान झालाय. तिसऱ्यात त्याने आईला सॅल्यूट केलाय आणि काकूंचा हात पदराशी थांबलाय. चौथ्यात तात्यांचं तोंड उघडं आहे, काहीतरी म्हणतायत. पाचव्यात काकूंचा हात वर निघालाय. सहाव्यात त्यांनी त्याची हनुवटी धरलीय, त्याची बेरे टोपी कानावर सरकलीय आणि हलल्यामुळे हाताचा नुसता पट्टा आलाय. सातव्यात कुणीतरी मधे आलं, पाठच पाठ. सहाव्या फोटोच्या वेळी काकू म्हणत होत्या, “आरं, वळकूच आला न्हाईस बग मला! किती वाळलास रं!”

हे मी तिथे उभा राहून पाहिलेलं नाही. म्हणजे डोळ्यांनी पाहिलं, पण पाच सेकंदांत सगळं एकात एक मिसळून गेलं होतं. काकूंनी आधी दुसऱ्याच पोराकडे पाहिलं होतं, हे संध्याकाळी क्वार्टरवर कॉम्प्युटरसमोर बसल्यावर कळलं. तो फोटो पाहून स्वतः काकूच खूप हसल्या. हसता हसता डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी कमर्शियल स्ट्रीटजवळच्या लॅबमध्ये प्रिंट काढायच्या होत्या. मी दोघांना विचारलं, कुठला हवा? तात्यांनी क्षणात सांगितलं, “दाहिने देखचा. मोठा करून, फ्रेम घालून.” काकूंनी सहाव्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, “काकू, ह्यात हात हललेला आलाय. पाचवा घ्या, तो साफ आहे.”

काकू म्हणाल्या, “हात हलल्यालाच हुता की.”

यावर मी काही बोललो नाही. दोन्ही प्रिंट काढल्या.

शिपायाच्या फोटोचं एक बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसतं. आपला प्रत्येकाचा वर्दीतला, छातीपर्यंतचा, सरळ समोर बघणारा एक फोटो कागदपत्रांत असतो. तो सिंगलचाच असतो, त्यात काहीही हललेलं चालत नाही. तो कशाकशासाठी लागू शकतो हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यावर बराकीत कुणी बोलत नाही. तो फोटो फौजेचा. भिंतीवरचा फ्रेममधला फोटो गावाचा, आल्यागेल्याला दाखवायचा. पण वर्षाचे दहा महिने पोरगा लेहच्या रस्त्यावर गाडी चालवत असतो तेव्हा आईला लागतो तो वेगळाच फोटो. त्यात पोरगा शिपाई होऊन उभा नसतो, तिच्या हाताखाली असतो. असा फोटो ठरवून काढता येत नाही. त्यासाठी बटण दाबून धरून आपण गप्प राहायचं असतं.

मात्र बर्स्ट म्हणजे मोकाट गोळीबार नव्हे. रेंजवर फायर झाल्यावर रिकामी खोकी वेचतो, मोजतो, जमा करतो, तेव्हाच डिटेल सुटते. कॅमेऱ्याची खोकी कुणी मोजत नाही, म्हणून ती आपणच मोजावी. पूर्वी छत्तीस फोटोंचा एक रोल वर्षभर पुरायचा. २ जीबीच्या कार्डावर सहज सहाशे मावू लागले तशी आमच्या बायकोने पद्धत घातली, त्याच रात्री बसायचं, प्रत्येक बर्स्टमधला एक ठेवायचा, फार तर दोन, बाकी पुसायचे. “अहो, सगळेच ठेवलेत तर बघणार कोण?” हा तिचा सवाल बिनतोड आहे. त्या सकाळचे सातही मात्र तिने पुसू दिले नाहीत. सातवा, पाठींचासुद्धा.

दोन वर्षांनी सुट्टीत गावी गेलो तेव्हा तात्यांच्या सोप्यात दाहिने देख झळकत होता, वर झेंडूचा हार, दसरा नुकताच झाला होता. सहावा कुठे दिसला नाही. चहा झाल्यावर काकूंनी आत बोलावलं आणि ट्रंकेचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला तो चिकटवला होता. हनुवटीवरच्या त्या धूसर पट्ट्यापाशी कागद बोटं लागून लागून पांढरा पडला होता.

सुट्टीवर निघालेल्या जवानांना माझं एवढंच सांगणं आहे. वर्दीतला, ताठ, एकच फोटो घरी जरूर द्या. आणि घराच्या दारात पाऊल ठेवाल तेव्हा कॅमेरा किंवा मोबाईल कुणातरी भाच्या-पुतण्याच्या हातात द्या, त्याला तो एकामागे एक चौकोन दाखवून ठेवा आणि म्हणावं, मी सांगेपर्यंत बोट उचलू नकोस.

जय हिंद.